गफ्फार उस्तादाचा उजवा दंड

मंगरूळपीरच्या गफ्फारचा उजवा दंड डाव्यापेक्षा दीडपट जाड होता. शिंप्याला त्याच्या सदऱ्याच्या दोन बाह्या दोन मापांनी बेताव्या लागत. कापड कमी पडलं की शिंपी कुरकुरे, "उस्ताद, हा हात कोन्या दुसऱ्या मानसाचा आनला का तुमी?" गफ्फार हसे. मग आसपास ऐकणारं कुणी आहे याची खात्री करून सांगे, "रंगूनची कढई हलोली हाय या हातानं. मानूस उभा मावंल येवढी कढई."

दर्ग्याच्या वाटेवर त्याचं रेवडी-बत्ताशांचं दुकान होतं. विसाव्या वर्षी तो चुलत्याचं बोट धरून रंगूनला गेला, तिथल्या चिनी गल्लीतल्या गोडाच्या दुकानात नऊ वर्षं राहिला आणि परत आला तो उस्ताद होऊनच. ही पदवी त्याला कुणी दिली ते सांगता येत नाही. अकोल्याच्या स्टेशनावर उतरला तेव्हा ती नव्हती, मंगरूळला पोचला तेव्हा होती. तिथले चिनी लोक जेवणानंतर गरम गरम गोड पाणी पितात, मुगाचं, तिळाचं, कमळाच्या बियांचं, आणि ते सगळं आपल्या हुकमाशिवाय चुलीवर चढत नसे, असं तो सांगे. त्याच्या हाताखालची माणसं, परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी, चार होती. सात वर्षांत ती वाढत वाढत अकरा झाली.

समोरच जिलेबीचं दुकान असलेल्या इब्राहीमला या अकरांचा फार त्रास होई. "त्यातला एक तरी पाठव बाप्पा माह्याकडं," तो म्हणे, "भट्टी फुकाले."

खरी गोष्ट अशी की गफ्फारनं रंगूनला कढई कधी हलवलीच नाही. एकदाच हलवली होती, तेव्हा ती करपली, आणि मालकानं त्याला चुलीपासून सात हात लांब बसवलं. त्या सात हातांवर एक दगडी जातं होतं. भाजलेले काळे तीळ आणि भिजवलेले तांदूळ पाणी घालघालून त्यात दळायचे, की लोण्यासारखी काळी उटी बाहेर येई. तीच पुढे कढईत जाई. गफ्फारनं नऊ वर्षं ते जातं ओढलं. सकाळी ओढलं, दुपारी ओढलं, गिऱ्हाइकांची गर्दी झाली की पुन्हा ओढलं. दंड तसा झाला तो त्यामुळे.

यात लपवण्यासारखं काय, असं रंगूनचा माणूस विचारील. मंगरूळचा विचारणार नाही. दळण बायकांचं. पुरुष नांगर धरील, मोट हाकेल, अगदीच वेळ आली तर भाकरी थापील, पण जात्याच्या खुंट्याला हात लावणार नाही. मुलगा खेळताना जात्याशी बसला तर आई म्हणे, "ऊठ बे, मिशा नाई येनार." आणि इथं एक मिशावाला नऊ वर्षं पगार घेऊन दळत बसला होता. हे गावाला कळलं तर दुकान उठवून आसेगावला जावं लागलं असतं. तिथंही ते कळलंच असतं म्हणा.

पण गावाचं भय एक, आणि हलिमाचं निराळं. हलिमा त्याची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती रोज पहाटे उठून दोन वेळच्या भाकरीची ज्वारी दळी आणि गफ्फार गोधडीत पडून राही. झोप लागलेली नसे. जात्याचा आवाज त्याला पाठ होता. घास जास्त पडला, खुंटा हलतो, वरची पाळ एका अंगाला झिजली, हे त्याला डोळे मिटून कळे, आणि तो दातांखाली गोधडी धरून गप्प राही. एकदाच त्याच्या तोंडून निसटलं होतं, "जात्याले टाकी लावाले झाली." हलिमा थांबली. दगडाला टाकीनं खरखरीत करणारी वडारीण अजून गावात यायची होती आणि ही गोष्ट हलिमाच्याही ध्यानात आली नव्हती.

"तुमाले कसं कळलं?"

"सपनात आलं," गफ्फार म्हणाला आणि कूस बदलली.

आपला नवरा गावातला सगळ्यांत तयार दळणारा आहे हे हलिमाला कळलं तर पहाटेच्या त्या गोधडीचं काय होईल, याचा विचार त्यानं मनातसुद्धा पुरता केला नव्हता.

चौतीस सालच्या हिवाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. इंग्रजीत होतं, म्हणून शाळेच्या मास्तरांनी ते भर बाजारात मोठ्यानं वाचलं. रंगूनच्या दुकानातले सुंग आणि फाट हे दोघे कलकत्त्याहून मुंबईला एका नातेवाइकाकडे निघाले होते. वाटेत अकोल्याला उतरून तिथून मोटारीनं मंगरूळला, आपल्या जिवलग मित्राच्या घरी, दोन दिवस राहणार होते.

इब्राहीमनं जिलेबीचा झारा खाली ठेवला. "या म्हना. लय दिवसाचं इचाराचं हाय मले त्याईले. चारचौघांत इचारीन."

"इचार ना," गफ्फार म्हणाला, पण बत्ताशांचं तागडं त्याच्या हातात वाकडं झालं होतं.

सुंग जाडा होता आणि फाट काडीसारखा. सुंग स्वयंपाकी, फाट वाट्या वाढणारा. मोटारीतून उतरल्या उतरल्या दोघांनी गफ्फारला मध्ये घेऊन असं दाबलं की त्याची टोपी पडली. बोलणं रंगूनच्या बाजारातल्या हिंदुस्थानीतलं, सगळ्यांना कळणारं. "गफ्फार भाई, तुम मोटा हुआ!" सुंग म्हणाला, आणि त्यानं लगेच उजवा दंड चाचपला. "ये थोडा पतला हुआ. काम नहीं करता?"

गफ्फारनं दोघांना घरी नेण्याआधी तडक विहिरीवर नेलं. हातपाय धुवायला, असं म्हणून. तिथं त्यानं हात जोडले. इथं दळण बायकांचं आहे, मी इथं उस्ताद आहे, जात्याचं नाव काढू नका.

फाटला हसू आवरेना. सुंग मात्र गंभीर झाला. मित्राची अब्रू म्हणजे आपली अब्रू, असं त्याचं मत होतं. त्यानं छातीवर हात ठेवला. "हम नहीं बोलेगा. मर जायेगा, नहीं बोलेगा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सुंगनं आणलेली पुरचुंडी सोडली आणि तिच्यातून कमळाच्या बिया, लाल सुकी बोरं आणि कागदात गुंडाळलेल्या संत्र्याच्या काळपट साली निघाल्या. उद्या दुपारी तो मित्राच्या घरासाठी दोन गोड करणार होता. एक मुगाचं पाणी, एक काळ्या तिळाची खीर. गेल्या सात वर्षांत त्यानं धड तिळाची खीर खाल्ली नव्हती, कारण गफ्फारच्या जागी आलेला माणूस कामाचा नव्हता. हे त्यानं गफ्फारच्या कानात सांगितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी गफ्फार जगदेवच्या किराणा दुकानातून एक पायली अख्खे मूग आणि दोन शेर काळे तीळ घेऊन आला. जगदेव त्याचा शेजारीच. तीळ मोजताना त्याचा चेहरा उतरला होता, हे आपल्याच काळजीत असलेल्या गफ्फारला दिसलं नाही. जगदेवनं दुकान बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं.

जगदेवची आई मनकर्णाबाई. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणाला आणि प्रत्येक मयतीला ती हजर असे आणि दोन्हींत तिला सारखाच उत्साह असे. तिनं क्षणात हिशेब मांडला. मुगाचं पाणी कुणाला देतात? आजाऱ्याला. काळे तीळ कशाला लागतात? मेलेल्याच्या नावानं पाणी सोडायला. मूगही आणले आणि तीळही आणले, म्हणजे सकाळी आजारी असलेला माणूस दुपारपर्यंत जाणार.

"पन आई, गफ्फारभाऊच्या घरी तिळाचं पानी कुठं सोडतेत?"

"त्याच्या घरी नाई सोडत. पावन्याईच्यात सोडत असतीन. चीन कुठं हाय, त्याईचे देव कोनते, तुले ठावं हाय का? तो काडीवानी मानूस पाह्यला का तू? त्याच्यात उरलं काय हाय?"

रात्र सरण्याआधी गल्लीत सगळ्यांना फाटची दया येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या चुलीवर मूग चढले. हलिमानं पाहुण्यांना भाऊ मानलं होतं, पण मुगात खडीसाखर पडताना पाहून तिनं तोंडावर ओढणी घेतली. वरणात साखर! सुंगनं वर संत्र्याची साल टाकली.

"ही किती दिवसांची?" तिनं विचारलं.

"बारा साल," सुंग अभिमानानं म्हणाला.

"बारा वर्सं साल जपून ठेवली?" हलिमा नवऱ्याकडे वळली. "आपन तं ढोराले टाकतो."

मग तीळ भाजले. त्या वासानं अंगण भरून गेलं, भिंतीवरची मांजर उठून बसली आणि गफ्फारच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळली. त्यानं हात पाठीमागे लपवला.

"चक्की?" सुंग हळूच म्हणाला.

"घानीवर नेऊ ना," गफ्फार घाईनं बोलला. "तेली करून देईन."

"तेल नहीं निकालना."

"पाट्यावर वाटू."

सुंगनं नुसतं पाहिलं. शेवटी हलिमानंच डाळ भरडायचं लहान जातं धुऊन काथवटीत ठेवलं. जात्यात पाणी घालायचं हे ऐकून तिचा जीव वरखाली झाला, पण पाहुणे भाऊ होते. ती बसली, दळू लागली, आणि नेमकी त्याच वेळी दारात मनकर्णाबाई उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत पिठलं-भाकरी. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी भाकर न्यायची असते. तिच्यामागे जगदेव, त्याच्यामागे त्याची बायको धरून गल्लीतल्या चार बायका, दोन-तीन पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे इब्राहीम आणि त्याची बायको बदरुन्निसा. इब्राहीमनं चेहरा दुःखी ठेवला होता. पण तो आपला प्रश्न विचारायला आला होता आणि त्यासाठी फाट जिवंत असलेला त्याला हवा होता.

मनकर्णाबाईनं टोपली उतरवली, पदर डोळ्याला लावला आणि सूर धरला, "काय वो हे झालं, हलिमा! परक्या मुलकात येऊन..." एवढं म्हणून तिनं डोळे उघडले तर समोर चूल धडधडून पेटलेली आणि फाट तिच्यापुढं उकिडवा बसून मुगाला फुंकर घालत होता.

"हा तं जिता हाय!"

"कोन?" गफ्फारनं विचारलं.

"ज्याच्यासाठी मी पहाटं उठून भाकरी थापल्या तो!"

खुलासा व्हायला वेळ लागला. आपण मेलो होतो हे कळल्यावर फाट इतका खूश झाला की त्यानं मनकर्णाबाईची पिठलं-भाकरी तिथंच हातावर घेऊन खाल्ली आणि दुसरी मागितली. आलेली माणसं परत कशी पाठवायची? सुंगनं दोन्ही हात पसरून सगळ्यांना बसवलं. घरातले कप, बशा, वाट्या, दुकानाची मापं, सगळं बाहेर आलं. मुगाचं गोड पाणी फिरू लागलं.

मनकर्णाबाई मात्र अडली. गफ्फारच्या घरचं शिजलेलं ती खात नसे आणि ते गफ्फारलाही माहीत होतं. त्यात रागालोभाचं काही नव्हतं. पण साल कढत मुरल्याचा वास तिच्या नाकापर्यंत आला होता.

"शिजवलं कोनं?" तिनं विचारलं.

"यानं," गफ्फारनं सुंगकडे बोट दाखवलं.

"याची जात कोनती?"

कुणालाच सांगता येईना. मनकर्णाबाईनं थोडा विचार केला. "आमच्या बुवानं कोनाकोनाच्या हातचं खाऊ नाई हे समदं सांगतलं हाय. चिन्याचं नाव त्यात नाई." असं म्हणून तिनं टोपलीतून स्वतःची पितळी वाटी काढली. मग ती तीन वेळा पुढे केली.

आता इब्राहीमनं घसा साफ केला. गफ्फारनं हातातली वाटी खाली ठेवली.

"सुंगभाई," इब्राहीम म्हणाला, "येक बात पूछनी थी. हमारा गफ्फार वहाँ क्या करता था?"

हलिमा जातं ओढत होती, तिचा हात मंद झाला. सुंगनं छातीवर हात ठेवला, वर आकाशाकडे पाहिलं आणि आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं बोलला.

"उस्ताद था. बहुत बडा उस्ताद."

"हाताखाली अकरा?"

"बारा," फाट म्हणाला. मेल्यापासून त्याला चेव आला होता.

इब्राहीमचं तोंड उतरलं. गफ्फारनं टोपी सरळ केली. तिथंच सगळं संपलं असतं तर तो जन्मभर उस्ताद राहिला असता. पण काथवटीत तिळाची उटी जमली होती. सुंगनं एक बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि त्याचा चेहरा एखाद्याच्या घरी खरंच मयत झाल्यासारखा झाला.

"रेती," तो म्हणाला.

हलिमाला राग आला. "रोज दोन पायल्या दळते मी! रेती?"

"तुले जमत नसंन," इब्राहीमला जरा जीव आला. "ताकदीचं काम दिसते. मी पाहू का?" बदरुन्निसा नको नको म्हणत असताना, पाहुण्यांचा खेळ म्हणून आणि चारचौघांत गंमत म्हणून, त्यानं खुंटा धरला. मूठभर तीळ एकदम लोटले, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि बैल घाण्याला जुंपल्यासारखा गरगरा ओढू लागला. जातं खडखडलं. वरची पाळ उड्या मारू लागली. काळे शिंतोडे जगदेवच्या पांढऱ्या धोतरावर गेले.

गफ्फारनं डोळे मिटले. त्यानं काही उपयोग झाला नाही, कारण ते सगळं कानांनी दिसत होतं. त्यानं कानांवर हात ठेवले. तरी दगडावर दगड घासल्याचा आवाज दातांत शिरला. एक फेरा गेला, दुसरा गेला, तिसऱ्या फेऱ्याला कोरडा दगड किंचाळला.

"येकडाव चमचाभर!" गफ्फार ओरडला. "चमचाभर टाक, आन् तीन फेरे जाऊ दे! सरक! सरक बे, दगड मारून राह्यला तू!"

इब्राहीम सरकला. गफ्फार बसला. एक पाय लांब, एक दुमडलेला, जशा बायका बसतात तसाच. डाव्या हातानं चमचाभर तीळ-तांदूळ, त्यावर ओंजळीतून सुटणारं पाण्याचं बारीक सूत, आणि उजवा हात फिरू लागला. खडखड थांबली. जातं नुसतं घुमत होतं, दूरच्या मधमाश्यांसारखं. दोन पाळ्यांमधून काळी, चकचकीत उटी निघाली आणि न तुटता, रेशमाच्या लडीसारखी काथवटीत उतरत राहिली.

सुंग हुंदके देत होता. "सात साल," तो म्हणत होता, "सात साल..."

खीर शिजली, वाढली गेली. ती रात्रीसारखी काळी होती. जगदेव म्हणाला की हे गाडीच्या आसाला लावायचं वंगण आहे, आणि एक घोट घेतल्यावर त्यानं मापानं पुन्हा मागितली. जिभेवर कण म्हणून लागत नव्हता. तोंडात होती तोवर होती, मग नुसता भाजल्या तिळाचा दरवळ मागे राही.

मनकर्णाबाईनं वाटी चाटून पुसून खाली ठेवली आणि गल्लीचं मत सांगितलं. "गफ्फारभाऊ, तू तं बाईपक्षा चांगलं दळतं वो बाप्पा."

सुंगला वाटलं, आता मित्राची अब्रू वाचवायची तर खरं बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आनंदानं त्याचा चेहरा फुलला होता. "नौ साल!" त्यानं दोन्ही हातांची नऊ बोटं वर धरली. "नौ साल चक्की! सुबह, दोपहर, शाम! पूरा रंगून में ऐसा हाथ नहीं. खाना पकाने में गधा. चक्की में बादशाह!"

इब्राहीम आधी हसला. त्याला बघून जगदेव हसला. मग सगळे पुरुष हसले, असे की एकाच्या नाकातून खीर आली. "उस्ताद दळत होते! अकरा मानसं काय, अकरा पायल्या!" गफ्फार मान खाली घालून बसला होता. पण तो हसणाऱ्यांकडे पाहत नव्हता. तो हलिमाकडे पाहत होता.

हलिमा हसत नव्हती. तिच्या हातात रिकामी बशी होती आणि ओठ काळे झाले होते. ती काहीतरी मोजत असावी. सहा वर्षं, प्रत्येक वर्षाच्या पहाटा.

"नऊ वर्सं," ती शेवटी म्हणाली.

"हां," गफ्फार म्हणाला.

"सुबह, दोपहर, शाम."

"गर्दी असली तं."

"आन् ते टाकीचं सपन?"

हलिमानं बशी खाली ठेवली, घरात गेली आणि ज्वारीचं टोपलं घेऊन आली. मागोमाग मोठं जातं ढकलत, घासत, दारातून अंगणात आणलं. कुणाची मदत घेतली नाही. टोपलं गफ्फारपुढं ठेवलं, ओढणी सारखी केली आणि चुलीजवळच्या पाटावर, जिथं तो रोज चहा घेत बसे, तिथं जाऊन बसली.

"दळा," ती म्हणाली. "पावने पाहून राह्यले."

गफ्फारनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा दारातून बाहेर. मग बाही वर केली, तीच, जाड मापाची. मूठभर ज्वारी टाकली आणि मोठं जातं घुमू लागलं. पीठ असं पडू लागलं की बदरुन्निसानं उठून चिमूट उचलली, बोटांत चोळली, शेजारणीला दिली. तिनं पुढच्या बाईला दिली. चिमटीतलं पीठ अंगणभर फिरलं आणि बायका गप्प झाल्या.

ती शांतता पुरुषांच्या जरा उशिरा लक्षात आली. जगदेव अजून हसत होता. मग त्याला दिसलं की कोपऱ्यात बसलेली आपली बायको जात्याकडे पाहते आहे, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा जात्याकडे. त्यानं हसू गिळलं. त्याला आठवलं की दुकान उघडं राहिलं आहे, आणि तो उठला. त्याच्या पाठोपाठ आणखी एकाला बैलाला पाणी पाजायचं आठवलं, दुसऱ्याला पोटात कळ आली.

बदरुन्निसा वळली. "काहो," ती इब्राहीमला गोड आवाजात म्हणाली, "तुमी मगा म्हनत होते, ताकदीचं काम हाय म्हनून."

"भट्टी," इब्राहीम म्हणाला. "भट्टी पेटून राह्यली माही." आणि तो इतक्या घाईनं निघाला की त्याच्या उजव्या पायात त्याची वहाण होती आणि डाव्या पायात जगदेवची. जगदेव आधीच अनवाणी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता.